पडण्यासाठी पेरलेलं गवत

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यातलं एकही काम दोन खांबांच्या बाहेर उभं राहून केलेलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. ज्यांनी त्यांना एखाद्या लग्नात पाहिलं असेल ते साक्ष देतील. मांडवात शंभर खुर्च्या रिकाम्या असल्या तरी हा माणूस मांडवाच्या दारात, दोन कळकांच्या बरोबर मध्ये, गुडघे किंचित वाकवून, हात अंगापासून वीतभर लांब धरून उभा. येणाऱ्यांना वाटतं, मुलीकडचं कुणीतरी स्वागताला उभं आहे. ते नमस्कार करतात आणि मामा एक पाऊल पुढं सरकतात. समोरून कुणी चालून आलं की एक पाऊल पुढं सरकायचं, म्हणजे त्याला आपल्या मागची जागा कमी दिसते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. मामा कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते; इथं तालमी कुस्तीइतक्याच फुटबॉलच्याही असतात. 'होते' हा शब्द आपण वापरायचा. गोलात उभं राहणं सुटून तीसेक वर्षं झाली तरी त्यांनी स्वतः तो अजून वापरलेला नाही.

मी मूळचा नगरकडचा, नोकरीनिमित्त कोल्हापुरात आलो आणि इथलाच जावई झालो. फुटबॉल हा खेळ मी लग्नाआधी फक्त शाळेच्या पुस्तकात चित्र म्हणून पाहिला होता. त्यामुळं लग्नानंतर पहिल्यांदा मामांकडं जेवायला गेलो तेव्हा माझी तारांबळ उडाली. मामांना कुठलीही वस्तू हातात द्यायची नसते, फेकायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लिंबू नेऊन हातात ठेवलं तर त्यांचा चेहरा पडला. माझ्या बायकोनं मात्र स्वयंपाकघरातून वांगी, कांदे, दुधाची पिशवी, एकामागून एक भिरकावली आणि मामांनी बसल्या जागेवरून ती सगळी छातीशी धरली. शेवटची भजी उचलताना ते मोठ्यानं "माझं" म्हणाले. ताटावर दुसरं कुणी नव्हतं. पण चेंडूवर जाताना गोलकीपरनं ओरडून हक्क सांगायचा असतो, नाहीतर आपलाच माणूस येऊन धडकतो, म्हणून ते एसटी आली तरी "माझी" म्हणतात आणि मगच चढतात. घराबाहेर पडताना चौकटीच्या डाव्या बाजूला एक थाप, उजव्या बाजूला एक थाप. एकदा आमच्याकडं फळीवरून लोणच्याची बरणी सुटली. मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. बरणी वाचली, स्टूल मोडलं आणि मामांच्या कोपराला तीन टाके पडले. हॉस्पिटलातून येताना ते इतके खुशीत होते की रिक्षावाल्यानं विचारलं, घरात काही गोड बातमी आहे का.

पण त्यांच्या खेळाच्या आठवणी ऐकायला बसलं की माझं हसू हळूहळू मावळत जायचं. दुसरे खेळाडू गोल सांगतात, बक्षिसं सांगतात, मिरवणुका सांगतात. मामांची गोष्ट नेहमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाची. आपल्या टीमनं गोल मारला की दहाजण तिकडं एकमेकांच्या गळ्यात पडायचे. मामा आपला गोल सोडून धावत निघायचे आणि अर्ध्या मैदानापर्यंत पोचतात तोवर मिठ्या संपून खेळ पुन्हा सुरू झालेला असायचा. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी धावणं सोडलं. "मग मी खांबालाच मिठी मारायचो," ते सांगायचे. "खांब कुठं जात न्हाई."

नोकरी त्यांनी फाउंड्रीत केली. ओतकामासाठी वाळूचे साचे तयार करणं हे त्यांचं काम. उचगावात, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं, त्यांनी दीड गुंठ्याची जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. मूलबाळ नाही. मामी होत्या तोवर घरात आवाज होता. मामींनी मामांचा एकही सामना पाहिला नाही, पण प्रत्येक सामना त्यांच्या कोपरावर वाचला. त्या काळी मैदान म्हणजे मुरूम. रविवारी संध्याकाळी मामा दिव्याखाली हात धरून बसायचे आणि मामी सुईनं एकेक खडा काढून वर हळद दाबायच्या. पडायचंच आहे तर माणसानं मऊ जागा बघून पडावं, असं त्या म्हणायच्या, आणि मामा म्हणायचे, मऊ जागेवर चेंडू येत नाही. मामींना जाऊन आता आठ वर्षं झाली. त्यानंतर मामा दिवसभर टीव्हीवर परदेशातले सामने बघायला लागले.

आम्ही गेलो की आम्हालाही बसवायचे. गोल झाला तरी त्यांचं लक्ष नसायचं. त्यांना फक्त गोलकीपर पडताना बघायचा असायचा. एका रविवारी त्यांनी मला हाताला धरून टीव्हीसमोर ओढलं. "बगा जावईबापू, पडला. आता उटला. अंग झाडलं का त्येनं? न्हाई झाडलं. झाडाय काय लागलंच न्हाई त्येला." मग त्यांनी विचारलं, हे गवत कुठलं. मी मोबाइलवर शोधून सांगितलं की तिकडच्या थंड मुलखात मैदानांवर बहुतेक रायग्रास नावाचं गवत असतं, हेच गवत गाईगुरांनाही चारतात. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या माहितीचा एवढा परिणाम झालेला दुसरा प्रसंग नाही.

दुसऱ्याच दिवशी मामा शाहूपुरीतल्या एका बियाण्याच्या दुकानात हजर झाले. दुकानदारानं सांगितलं, हे थंडीतलं वैरणीचं गवत आहे, दिवाळी झाल्यावर पेरा, शिमग्यापर्यंत टिकेल, ऊन तापलं की जाईल. मामांनी विचारलं, ह्याच्यावर पडलं तर लागत नाही ना. दुकानदार म्हणाला, जनावर पडेल कशाला. एवढ्या बोलण्यावर मामा समाधानानं पिशवी घेऊन आले आणि दिवाळीची वाट न बघता ऐन चैत्रात घरापुढच्या मोकळ्या जागेत पेरून मोकळे झाले.

मामांच्या भिंतीला भिंत लागून अक्कांचा गोठा आहे. अक्का शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या, बोलण्यात अधूनमधून कानडी, पदरी तीन म्हशी आणि मुलगा-सून दिवसभर कामावर. त्यांनी भिंतीवरून विचारलं, काय पेरलं. मामा म्हणाले, राय. अक्कांना ऐकू आलं राई. अंगणभर मोहरी लावून हा एकटा जीव किती फोडण्या देणार, या काळजीनं त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पुढं हिरवे कोंब आले. मामांनी वीस दिवस त्यांना झारीनं पाणी घातलं, सावलीला साड्या बांधल्या, आम्हाला फोटो पाठवले. एकविसाव्या दिवशी अक्कांनी वाकून बघितलं आणि सांगितलं की हा लव्हाळा आहे, तो पाणी न घालताही येतो आणि आता काही केल्या जाणार नाही. तो काढायला मामांना पुढचे सहा महिने लागले.

पण दिवाळीनंतर मात्र त्यांनी जे केलं त्याला तोड नव्हती. फाउंड्रीतल्या चाळणीनं त्यांनी सगळी माती चाळली. साच्यातली वाळू दाबतात तशी ती ठोकून सपाट केली. शेणखत अक्कांनी दिलं. आठवड्याभरात केसासारखी बारीक पाती वर आली आणि तीन आठवड्यांत उचगावच्या त्या कोपऱ्यात एक हिरवा तुकडा असा पसरला की रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघू लागले. रायग्रासच्या पात्याची खालची बाजू तेल लावल्यासारखी चकचकीत असते. वारा आला की सगळं गवत एकदम पालथं होऊन चमकायचं. भंगारातल्या पाइपात वाळू भरून मामांनी रूळ केला आणि टीव्हीत दिसतात तसे एक गडद, एक फिका असे पट्टे पाडले. एका टोकाला दोन आठ फुटी वासे रोवून वर आडवा बांबू बांधला. आणि त्या गवतावर पाय ठेवायला सगळ्या जगाला बंदी केली. स्वतःलाही. ते या काठापासून त्या काठापर्यंत फळी टाकून, तिच्यावर उकिडवे बसून, विळ्यानं गवत समान कापायचे.

कापलेलं गवत भिंतीवरून अक्कांच्या गोठ्यात जायचं. त्यामुळं एक नवंच प्रकरण उभं राहिलं. अक्कांची मोठी म्हैस हे गवत चाखल्यापासून उसाच्या वाड्याकडं, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याकडं, बघेना. वैरण टाकली की ती तोंड फिरवून भिंतीपाशी जाऊन उभी राहायची आणि मामांच्या विळ्याचा आवाज ऐकायची. दूध दाट झालं हे अक्का कबूल करायच्या, रोज सकाळी किटलीभर पाठवायच्याही, पण सोन्यासारखी वैरण पिकवून तिच्यावर जनावर सोडायचं नाही आणि माणूसही चालायचं नाही, हे त्यांच्या मनाला पटायचं नाही. हे कुणासाठी राखलंय अण्णा, असं त्या विचारायच्या. मामा म्हणायचे, टीमसाठी.

पौष महिन्यातला एक रविवार ठरवून मामा आमंत्रणाला निघाले. टीममधले सगळे येणार, एकेक जण चेंडू मारणार, आपण एकदा तरी मऊ जागेवर पडणार, असा बेत होता. तालमीच्या जुन्या फोटोवरून त्यांनी घरं शोधली. फोटोतली चार माणसं आता घरोघरी भिंतीवरच्या फोटोत होती. एक चंदगडला मुलाच्या काजूच्या बागेत होता, त्याचे गुडघे गेले होते. दोघे येतो म्हणाले, पण तोंडावरून येणारे वाटत नव्हते. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. उरला नऊ नंबर. हा त्यांच्या टीमचा पुढच्या फळीतला खेळाडू, मामांचा जिवलग, बालवाडीपासूनचा. मामांनी टाकलेला चेंडू न बघता ओळखायचा, अशी त्याची ख्याती. वारणानगरला मुलीकडं राहायला गेल्यापासून त्याचा फोन बंद झाला होता. मुलीचा नंबर मिळवून मी फोन लावला. ती म्हणाली, बाबा आता बाहेर पडत नाहीत, आणि फारसं कुणाला ओळखतही नाहीत. मी हे मामांना जपून सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वळखंल की."

रविवारी सकाळी आम्ही दोघं उचगावला पोचलो तेव्हा मामा दोन वाशांच्या मध्ये उभे होते, पण गवताच्या बाहेर. अंगात पिवळी जर्सी, पोटावर ताणलेली. गुडघ्याला पट्ट्या. पडवीत पंधरा खुर्च्या मांडलेल्या, पातेल्यात चहा उकळून उकळून काळा झालेला. अकरा वाजेपर्यंत आम्ही रस्त्याकडं बघत बसलो. येतो म्हणालेल्या दोघांपैकी एकाचा निरोप आला की घरी पाहुणे आलेत. दुसऱ्याचा निरोपही आला नाही. शेवटी मामांनी खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावल्या, चप्पल काढली आणि गवतावर पहिलं पाऊल ठेवलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग चेंडू माझ्याकडं फेकून म्हणाले, मारा.

मी जन्मात चेंडू मारला नव्हता. पहिला फटका भिंतीवरून अक्कांच्या उकिरड्यात गेला. अक्कांनी तो धुऊन भिंतीवरून दिला आणि मग त्या जाईनात, पलीकडूनच भिंतीला टेकून बघत राहिल्या. दुसरा चेंडू घरंगळत थेट मामांच्या पायाशी गेला. तो त्यांनी दोन बोटांनी उचलला, माझ्याकडं परत टाकला आणि शांतपणे म्हणाले, "कोपऱ्यात मारा जावईबापू. मी पडाय आलोय, उभा ऱ्हायला न्हाई."

तिसरा चेंडू मी डोळे मिटून मारला. डोळे उघडले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे माझे मामेसासरे जमिनीपासून हातभर वर, आडवे, दोन्ही हात पुढं करून हवेत होते. माझी बायको ओरडली. पडल्याचा आवाजच आला नाही. चेंडू वाशाच्या पुष्कळ बाहेरून गेला होता. मामा जागचे हलले नसते तरी चाललं असतं, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार. तरी ते पडले. पडले आणि उठले नाहीत. बायको धावत गेली, मी गेलो. मामा गालाखाली गवत घेऊन, डोळे उघडे ठेवून पडलेले. लागलं का विचारलं तर मान हलवली, नाही.

"अण्णा, उटा की आता," अक्का भिंतीवरून म्हणाल्या.

"उटून कुटं जायाचं हाय मला, अक्का," मामा म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्या शेजारी गवतावरच बसलो. बंदी मोडली म्हणून ते रागावले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी कोपर वळवून बघितलं. खरचटलेलं नव्हतं, फक्त हिरवा डाग होता. तो त्यांनी बोटानं पुसला, पुन्हा बघितला आणि स्वतःशीच म्हणाले की आज ती असती तर सुई शोधायला लागली नसती.

माघ सरला तसं ऊन चढलं आणि गवताच्या कडा पिवळ्या व्हायला लागल्या. मामांनी दिवसातून तीनदा पाणी घातलं, पुन्हा साड्या बांधल्या, पण दुकानदाराचं खरं ठरत होतं. एक दिवस त्यांचा फोन आला. म्हशीला गवतात सोडतो म्हणाले, जळून जाण्यापेक्षा तिच्या पोटात जाऊ दे. मात्र त्याआधी उद्या सुट्टी काढा, वारणानगरला जायचंय. मी सकाळी गेलो तर मामांनी गोलासमोरचा, सगळ्यात हिरवा राहिलेला, हातभराचा तुकडा मातीसकट खणून घमेल्यात बसवला होता. वर ओलं फडकं. ते घमेलं मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, रोपं हायत काय. मामा म्हणाले, मैदान हाय. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

नऊ नंबर मुलीच्या घराच्या पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. उंच माणूस, अंग वाळलेलं, दाढी मुलीनं नुकतीच केलेली. मामा फाटकापाशी थांबले. दोन खांबांच्या मध्ये, गुडघे किंचित वाकवून, घमेलं छातीशी धरून. नऊ नंबरनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "पावणं, कुटलं म्हणायचं?"

मी मामांकडं बघायचं टाळलं. मला वाटलं, आता ते नाव सांगतील, तालीम सांगतील, एखादा जुना गोल सांगतील. त्यांनी नाव सांगितलं नाही. "उचगावचा," एवढंच म्हणाले, आणि पुढं होऊन घमेलं त्यांच्या पायाशी ठेवलं. फडकं काढलं. मुलगी चहा टाकायला आत गेली.

नऊ नंबर गवताकडं वाकून बघत राहिले. मग त्यांचा उजवा पाय आपणहून चपलेतून बाहेर आला आणि गवतावर टेकला. बोटं हलली. तळवा एकदा पुढं सरकला, एकदा मागं. कितीतरी वेळ ते असंच करत होते, आणि मामा त्या पायाकडं बघत उकिडवे बसले होते.

"असल्यावर खेळाय गावलं न्हाई आमाला," नऊ नंबर म्हणाले. "आमचा एक गोलकीपर हुता. लई पडायचा. मुरमावर पडायचा. आमी फुडं नाचायचो आन् त्यो तिकडं एकटाच. त्येला दावाय पायजे हुतं हे."

"दावतो की," मामा म्हणाले.

"तुमी वळखता त्येला?"

"व्हय. जवळच ऱ्हातो."

चहा झाला. मुलीला गवत कसं कापायचं, पाणी किती घालायचं, सावलीत कुठं ठेवायचं, हे मामांनी दोनदा समजावून सांगितलं. अजून पंधरा-वीस दिवस टिकेल म्हणाले. निघताना नऊ नंबर खुर्चीतून उठायला लागले, पाहुण्याला पोचवायला, तर मामांनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि हात लगेच काढला नाही.

परतीच्या एसटीत मामा रिकाम्या हातांनी बसले होते आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. वाठारला गाडी हमरस्त्याला लागली. मग माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारून, पण बाहेर पळणाऱ्या उसाकडं बघतच, म्हणाले, "आटवतंय की त्येला."

मी म्हणालो, हो मामा, आठवतंय.